‘टेक’ आणि ‘घेणे’ : सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील एका क्रियापदाचा इतिहास

१/
आजचा धागा एका क्रियापदाविषयी आहे आणि त्याची सुरुवात माझ्या एका चुकीपासून होते. पदव्युत्तर प्रबंधासाठी सिंधुदुर्गाविषयीच्या एका इंग्रजी नोंदीचा अनुवाद करताना मी लिहिले होते : ‘१७६५ साली सिंधुदुर्ग पडला.’ मार्गदर्शकांनी ‘पडला’ या शब्दाभोवती तांबड्या शाईने वर्तुळ काढले आणि समासात एकच प्रश्न लिहिला : ‘आपोआप?’ मूळ नोंदीत ‘टेक’ या क्रियापदाचे रूप होते. घेणारा कोण हे तिथे स्पष्ट होते. माझ्या मराठी वाक्यात तो नाहीसा झाला होता.

२/
‘टेक’ म्हणजे घेणे, हे आपण पाचवीच्या वर्गात पाठ केले. पण इंग्रजीत सर्वाधिक अर्थच्छटा असणाऱ्या मोजक्या क्रियापदांत ‘टेक’ची गणना होते. औषध, आसन, शपथ, सूड, छायाचित्र, वेळ, किल्ला, जहाज, कैदी, जीव : या साऱ्यांबरोबर ते चालते. मोल्सवर्थने आरंभिलेला आणि मेजर कँडीने पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. अशा कोशकारांपुढे या क्रियापदाने किती अडचणी उभ्या केल्या असतील, याची कल्पना करून पाहा. मराठीत त्याचे काम घेणे, नेणे, धरणे, पकडणे, काढणे, लागणे अशा अनेक क्रियापदांत विभागलेले आहे.

३/
काही ठिकाणी तर दोन्ही भाषा एकाच प्रसंगाकडे विरुद्ध टोकांवरून पाहतात. इंग्रजीत परीक्षा ‘टेक’ करतो तो विद्यार्थी. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतात. दुसरे उदाहरण बाजारातले. मालवणच्या बंदरावर सकाळी एखादी बाई म्हणाली, ‘आज बांगडे घेतले’, तर तिने त्यांचे पैसे मोजले, हे कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. मराठी ‘घेणे’मध्ये विकत घेणे सामावलेले आहे. तेच वाक्य ‘टेक’ वापरून इंग्रजीत मांडले, तर त्यातून पैसे दिल्याचा बोध होत नाही. कदाचित न विचारता उचलल्याचाच संशय येतो. हा फरक लक्षात असू द्या. पुढे एका किल्ल्याचा व्यवहार समजून घेताना तो उपयोगी पडेल.

४/
आता ‘टेक’चे कूळ पाहू. हे क्रियापद मुळात इंग्रजी नाही. जुन्या इंग्रजीत घेण्यासाठी ‘निमान’ हे क्रियापद होते. जर्मन भाषेतील ‘नेमेन’ त्याचेच सगोत्र. इसवी सन ७९३ मध्ये उत्तरेकडील समुद्री टोळ्यांनी लिंडिसफार्नच्या मठावर छापा घातला. त्यानंतरच्या दोन शतकांत स्कँडिनेव्हियातील लोक इंग्लंडच्या मोठ्या भागात स्थायिक झाले आणि १०१६ साली क्नूट हा डॅनिश राजा इंग्लंडच्या सिंहासनावर बसला. त्यांच्या नॉर्स भाषेतील ‘ताका’ हे क्रियापद अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजी लेखनात दिसू लागते. हळूहळू त्याने ‘निमान’ची जागा घेतली.

५/
म्हणजे इंग्रजांचे ‘घेणे’ समुद्रमार्गे आले, आणि ज्यांना त्या देशातील धर्मगुरू समुद्री लुटारू म्हणत, त्यांच्याकडून आले. ‘ताका’च्या सगोत्र शब्दांपैकी गॉथिक भाषेतील ‘तेकान’ याचा अर्थ केवळ ‘स्पर्श करणे’ असा होता. स्पर्श करणे, मग धरणे, मग आपले करणे असा हा अर्थप्रवास. जुने ‘निमान’ पूर्ण लोपले नाही. बधिर या अर्थाचा ‘नम’ हा इंग्रजी शब्द त्यातूनच आला. ज्याची संवेदना ‘घेतली गेली’ तो नम. (आपल्या ‘टेकणे’ किंवा ‘टेकू’ यांच्याशी मात्र इंग्रजी ‘टेक’चे काही नाते नाही. देवनागरीत लिहिल्यामुळे तसा भास होतो, इतकेच.)

६/
‘घेणे’चा प्रवास जमिनीवरचा आहे. संस्कृत ‘ग्रह्’ धातूपासून प्राकृतात ‘गेण्ह’, ‘घेप्प’ अशी रूपे झाली. महाराष्ट्री प्राकृतातील ‘घेत्तूण’ हे रूप वाचताच आपले ‘घेऊन’ आठवते. उद्योतनसूरी या जैन ग्रंथकाराने शके ७०० च्या सुमारास, म्हणजे इ.स. ७७८-७९ मध्ये, जालोर येथे ‘कुवलयमाला’ पूर्ण केली. त्यात बाजारपेठेत जमलेल्या निरनिराळ्या प्रांतांच्या लोकांचे वर्णन आहे आणि प्रत्येकाच्या तोंडी त्याच्या बोलीतला एखादा नमुना आहे. मराठी माणसाच्या तोंडी त्याने घातलेल्या शब्दांचा अर्थ आहे : दिले, घेतले. मराठीच्या अगदी जुन्या नमुन्यांत गणले जाणारे हे दोन शब्द व्यवहारातले आहेत आणि त्यांत देणे आधी येते.

७/
‘देणे-घेणे’ ही जोडी मराठीत राज्यकारभारापर्यंत पोहोचली. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे, याविषयी प्रसिद्ध सूचना आहे. आंबा, फणस ही झाडे आरमाराच्या उपयोगाची असली तरी रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये. एखादे झाड अगदीच जीर्ण असले, तर धन्याला राजी करून, त्याला द्रव्य देऊन मगच तोडावे. बळजोरी करू नये, असा त्या सूचनेचा आशय आहे. अमात्य कोल्हापूरच्या गादीचे होते आणि याच गादीकडे पुढे सिंधुदुर्ग होता. घेण्याला राजीखुशी आणि मोबदला या दोन अटी घालणारा हा राजनीतीचा ग्रंथ आहे.

८/
अर्थात समुद्रावरचा व्यवहार इतका सरळ कधीच नव्हता. सोळाव्या शतकापासून पोर्तुगिजांनी अरबी समुद्रात ‘कार्ताझ’ची पद्धत लादली. त्यांचा परवाना नसलेले जहाज धरले जाई. पुढे मराठ्यांच्या आरमारानेही आपले ‘दस्तक’ चालू केले. ज्याने दस्तक घेतले त्याला वाट मोकळी. ज्याने घेतले नाही, ते गलबत पाडाव होई. ‘पाडाव करणे’ हा आपल्या आरमारी मराठीतला नेमका शब्द आहे : जहाज मालासह आणि माणसांसह ताब्यात घेणे. इंग्रजी नोंदींत याच कृतीसाठी ‘टेक’ येते. समुद्रावर सत्ता कोणाची, हा सारा वाद ‘परवाना कोणी कोणाकडून घ्यायचा’ या एका प्रश्नात सामावला होता.

९/
सरखेल कान्होजी आंग्रे आणि मुंबईकर इंग्रज यांच्यातील वैर याच प्रश्नावरून पेटले. कंपनी आपल्या जहाजांसाठी दस्तक घ्यायला तयार नव्हती. शिवाय कंपनीच्या संरक्षणाखाली इतर व्यापाऱ्यांचा मालही जातो, अशी आंग्र्यांची तक्रार होती. कान्होजींच्या दृष्टीने ते छत्रपतींच्या वतीने सागराचा कर वसूल करत होते. कंपनीच्या कागदांत ते ‘चाचे’ ठरले. मुंबईचे गव्हर्नर चार्ल्स बून यांनी १७१७ मध्ये आणि पुन्हा १७२० मध्ये विजयदुर्गावर आरमार धाडले. दोन्ही वेळा किल्ला हाती आला नाही. घेण्याचा अधिकार ज्याचा आपण मानत नाही त्याला चाचा म्हणायचे, हा जुना रिवाज आहे. ‘ताका’ हा शब्द इंग्लंडला देणाऱ्यांनाही तिथल्या इतिवृत्तकारांनी असेच संबोधले होते.

१०/
विजयदुर्ग शेवटी गेला तो १७५६ साली. तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचे बिनसले होते. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी आदल्या वर्षी करार करून संयुक्त मोहीम आखली होती. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल चार्ल्स वॉटसन आरमार घेऊन आणि रॉबर्ट क्लाइव्ह भूदल घेऊन विजयदुर्गासमोर आले. तोफांच्या माऱ्यात ‘रेस्टोरेशन’ या जहाजाने पेट घेतला. हे जहाज मुळात इंग्रजांचे. आंग्र्यांनी ते १७४९ मध्ये पाडाव केले होते. तिथून आग पसरत गेली आणि आंग्र्यांचे जवळजवळ सगळे आरमार जळून गेले. १३ फेब्रुवारीला किल्ल्याने शरणागती पत्करली. पाडाव करून आणलेल्या जहाजानेच आरमाराला आग लावली, ही घटना ‘घेणे’च्या इतिहासात नोंदवण्यासारखी आहे.

११/
यानंतर काय झाले? किल्ल्यात सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज सापडला. मोहिमेपूर्वीच मुंबईत बसून इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याच्या वाटणीचे प्रमाण ठरवून टाकले होते आणि त्यात मित्रपक्ष असलेल्या मराठ्यांचा वाटा नव्हता. अशा ऐवजाला इंग्रजीत ‘प्राइझ’ म्हणत. आज आपण तो शब्द बक्षीस या अर्थाने ओळखतो; पण आरमारी वापरातला हा ‘प्राइझ’ फ्रेंच ‘प्रीझ’पासून आला आणि त्याचा अर्थ ‘घेतलेली वस्तू’ असाच आहे. म्हणजे लढाई संपल्यावर ‘टेक’ या क्रियापदाचे कायदेशीर नामात रूपांतर झाले. त्या नामाला प्रमाणे होती, हिस्से होते, हिशेबाच्या वह्या होत्या.

१२/
करारानुसार विजयदुर्ग पेशव्यांना मिळायचा होता. इंग्रजांनी तो काही महिने सोडलाच नाही. ऑक्टोबर १७५६ मध्ये पुण्यात नवा तह झाला, तेव्हा विजयदुर्ग पेशव्यांकडे आला आणि बाणकोट काही गावांसह इंग्रजांकडे कायम झाला. बाणकोटच्या किल्ल्याला त्यांनी ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ असे नाव दिले होते. पेशव्यांनी विजयदुर्ग घेतला असे आपण लिहितो तेव्हा लक्षात ठेवावे की त्या घेण्यात बाणकोटचे देणे अंतर्भूत होते. आणि ज्या आरमाराच्या बळावर पुढे इंग्रजांना रोखता आले असते, ते आरमार तोवर राख झाले होते.

१३/
आता मालवणकडे वळू. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या कामास आरंभ केला. किनाऱ्यावरील ‘मोरयाचा धोंडा’ या खडकावर गणेश, सूर्य व चंद्र कोरलेले आहेत. पायाभरणीची पूजा तिथे झाली असे परंपरा सांगते. सुमारे ४८ एकरांचे बेट, त्याभोवती जवळपास तीन किलोमीटरचा नागमोडी तट, बाहेरून सहजी न दिसणारा दरवाजा आणि खाऱ्या पाण्याच्या मधोमध दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. रक्षणासाठी जवळच पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट. हा किल्ला बळाने घेणे अवघड, हे त्याची रचनाच सांगते.

१४/
१७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा व कोल्हापूर या गाद्यांच्या सीमा ठरल्या आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरकरांकडे राहिला. १७६० च्या अखेरीस संभाजी महाराज निवर्तले. त्यांच्या राणी जिजाबाई यांनी दत्तक घेऊन राज्याची सूत्रे हाती ठेवली. पानिपताच्या आघातानंतरचा तो काळ. पेशव्यांशी तणाव, शेजारी सावंतवाडीकर, आणि समुद्रावर मुंबईकर इंग्रज. मालवणची गलबते कंपनीच्या व्यापारी जहाजांना त्रास देतात, ही तक्रार मुंबईत जुनीच होती. इंग्रजी कागदांत ‘मालवणी’ हे नाव त्या काळी चाच्यांच्या एका जातीसारखे वापरलेले आढळते.

१५/
जानेवारी १७६५ मध्ये मेजर गॉर्डन आणि बाँबे मरीनचे कॅप्टन जॉन वॉटसन यांच्या मोहिमेने सिंधुदुर्ग घेतला. इथे एक सावधगिरी. १७५६ च्या विजयदुर्गाचा वॉटसन आणि १७६५ च्या सिंधुदुर्गाचा वॉटसन हे वेगळे. ॲडमिरल चार्ल्स वॉटसन १७५७ मध्येच कलकत्त्यात वारला. जॉन वॉटसन १७७४ च्या अखेरीस ठाण्याच्या वेढ्यात जखमी होऊन मरण पावला. समाजमाध्यमांवरील अनेक लेखांत हे दोघे एकच होऊन जातात. कर्त्याच्या नावाकडे दुर्लक्ष केले की असे होते.

१६/
इंग्रजांनी सिंधुदुर्गाला ‘फोर्ट ऑगस्टस’ हे नाव दिले. बाणकोटचा व्हिक्टोरिया, मालवणचा ऑगस्टस. घेतलेल्या वस्तूवर आपले नाव घालणे हा घेण्याचाच पुढचा टप्पा असतो. पण हे नाव मालवणात रुजले नाही. आज ते गावात विचारले तर क्वचितच कोणी ओळखेल. किल्ल्यातील शिवराजेश्वराच्या मंदिराची पूजा ज्या नावाच्या छायेत चालत आली, तेच नाव लोकांच्या जिभेवर राहिले. जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला, तेव्हा त्यालाही तेच मिळाले.

१७/
आता सुरुवातीचा बाजारातला फरक आठवा. सिंधुदुर्ग ठेवणे कंपनीला परवडेना. उत्पन्न थोडे आणि शिबंदीचा खर्च मोठा. पाडून टाकावा तर तट इतका भक्कम की तेही सोपे नव्हते. तेव्हा १७६६ मध्ये कंपनीने किल्ला कोल्हापूरकरांना परत करण्याचे ठरवले. अटी अशा : जहाजांना उपद्रव देऊ नये, चांगल्या वर्तनाची हमी द्यावी, आणि ३ लाख ८२ हजार ८९६ रुपये भरावेत. म्हणजे कोल्हापूरने आपलाच किल्ला विकत घेतला. मराठीत आपण १७६५ साठी ‘इंग्रजांनी किल्ला घेतला’ आणि १७६६ साठी ‘कोल्हापूरने किल्ला परत घेतला’ असे लिहितो. क्रियापद एकच. पहिल्या ‘घेण्या’त बळ होते, दुसऱ्यात किंमत होती, आणि ती किंमत ज्याचे गेले त्यानेच मोजली.

१८/
याच मोहिमेत सावंतवाडीकरांचा रेडीचा यशवंतगडही इंग्रजांनी घेतला होता. तो परत मिळवण्यासाठी खेम सावंतांना दोन लाख रुपये द्यावे लागणार होते. खजिन्यात एवढी रक्कम नव्हती. म्हणून वेंगुर्ल्याचा महसूल तेरा वर्षांसाठी विठोजी कोमटी या सावकाराकडे गहाण टाकून ती उभारण्यात आली, आणि कंपनीचा माणूस थोड्या शिबंदीसह वेंगुर्ल्यात बसला. किल्ल्याच्या मोबदल्यात कर्ज घेतले, कर्जाच्या मोबदल्यात बंदर अडकले. ‘घेणेकरी’ हा शब्द मराठीत धनकोसाठी का आहे, हे या व्यवहारातून चांगले कळते. घेण्याचा हक्क एकदा निर्माण झाला की घेणारा दारात येऊन बसतो.

१९/
वेंगुर्ल्याचा महसूल अपेक्षेइतका वसूल झाला नाही. तेरा वर्षे उलटली तरी बंदर सुटेना. रक्कम फिटली नाही, हे कारण. अखेर १७८० मध्ये सावंतवाडीकरांनी वेंगुर्ला बळाने घेतले. इंग्रजी नोंदीत हा हल्ला ठरतो. सावंतवाडीच्या बाजूने पाहिले तर मुदत संपलेले गहाण सोडवणे ठरते. एका घटनेसाठी कोणते क्रियापद निवडायचे, हे आपण हिशेबाच्या वहीचे कोणते पान उघडतो त्यावर अवलंबून असते. प्रामाणिक अभ्यासकाने दोन्ही पाने उघडावीत.

२०/
सिंधुदुर्गाचा शेवटचा हस्तांतरण-प्रसंग १८१२ चा. १ ऑक्टोबर १८१२ च्या तहाने कोल्हापूरच्या छत्रपतींनी मालवण बंदर, सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट व सर्जेकोट कंपनीला दिले. सशस्त्र गलबते समुद्रात न पाठवण्याचे कबूल केले. चिकोडी व मनोळी यांवरील हक्क सोडला. बदल्यात परचक्रापासून संरक्षणाचे आश्वासन मिळाले. त्याच महिन्यात सावंतवाडीकडून वेंगुर्लाही कंपनीकडे गेले. इंग्रजी लेखनात या प्रसंगी ‘टेक’ क्वचितच दिसते. तिथे ‘सीड’ हे क्रियापद येते : हक्क सोडून देणे.

२१/
हा बदल बारकाईने पाहण्याजोगा आहे. १७६५ च्या वाक्यात कर्ता इंग्रज : त्यांनी किल्ला घेतला. १८१२ च्या वाक्यात कर्ता कोल्हापूरकर : त्यांनी किल्ला दिला. प्रत्यक्षात किल्ला दोन्ही वेळा एकाच दिशेने गेला. पण दुसऱ्या वेळी घेणारा व्याकरणातून बाहेर पडला आणि देण्याची जबाबदारी ज्याचे गेले त्याच्या माथी आली. मराठीकडे यासाठी अधिक नेमकी रचना आहे : ‘लिहून घेणे’. करारनामा लिहून घेतला, असे म्हटले की शाई आणि स्वाक्षरी एकाची, हित दुसऱ्याचे, हे आपोआप कळते. १८१२ साठी मी आता हेच क्रियापद वापरते : कंपनीने कोल्हापूरकरांकडून मालवण लिहून घेतले.

२२/
मालवणी बोली याहून एक पाऊल पुढे आहे. माझी आजी ‘घेतला’ म्हणत नाही, ‘घेतल्यान’ म्हणते. कर्ता वाक्यात नसला तरी क्रियापदाच्या शेवटी ‘त्याने’ची खूण राहते; अनेक असतील तर ‘घेतल्यानी’. मार्गदर्शकांच्या शेऱ्याने मी खट्टू होऊन घरी गेले आणि तिला सारे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, ‘किल्लो कसो पडात? कोणी घेतल्यान ता लिही.’ तिने इतिहासलेखनाची पुस्तके वाचलेली नाहीत. तिच्या भाषेलाच कर्ता गाळण्याची सवय नाही.

२३/
हा नियम केवळ इंग्रजांना लावून भागणार नाही. जानेवारी १६६४ मध्ये सुरत लुटली गेली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. तो पैसा या बांधकामाला उपयोगी पडला, असे अनेक अभ्यासक मानतात. आंग्र्यांनी पाडाव केलेल्या गलबतांवर परकीयांबरोबर देशी व्यापाऱ्यांचाही माल असे. तिथेही ‘कोणाकडून घेतले’ हा प्रश्न विचारला पाहिजे. उत्तर कदाचित राज्यरक्षणाचे निघेल, पण प्रश्न टाळता येत नाही. आणि हेही ध्यानात असू द्या की इंग्रजांनी अठराव्या शतकात ‘लूट’ हा शब्द आपल्याकडूनच नेला. आज तो त्यांच्या भाषेत नाम आणि क्रियापद असा दोन्ही रूपांत नांदतो.

२४/
तेव्हा इंग्रजी साधनांतून मराठीत लिहिणाऱ्या मित्रांसाठी एक छोटी रीत. ‘टेक’चे रूप दिसले की तीन प्रश्न विचारा : कोणी घेतले? कोणाकडून घेतले? कशाच्या बदल्यात घेतले? मग क्रियापद निवडा. बळाने असेल तर जिंकला, काबीज केला. जहाज असेल तर पाडाव केले. पैसे मोजले असतील तर सोडवून घेतला. तह असेल तर लिहून घेतला. शरणागती असेल तर स्वाधीन झाला, पण कोणाच्या, ते लिहा. ‘पडला’ आणि ‘गेला’ ही क्रियापदे बखरीत शोभतात, शोकही नेमका व्यक्त करतात. नोंदीत मात्र ती साक्षीदाराला घरी पाठवतात.

२५/
चिपीच्या विमानतळावरून ९ ऑक्टोबर २०२१ पासून विमाने उडू लागली आणि ‘टेक ऑफ’ हा शब्दही या जिल्ह्याच्या बोलण्यात आला. मालवणच्या धक्क्यावरून होडीने किल्ल्यात जाणारे पर्यटक एकमेकांना ‘टेक अ फोटो’ म्हणतात. होडीवाला त्यांना ‘काढतंय’ म्हणतो आणि भ्रमणध्वनी हातात घेतो. क्रियापदे अशी अजूनही या किनाऱ्यावर ये-जा करत आहेत.

२६/
प्रबंधातील ते वाक्य मी बदलले. आता ते असे आहे : ‘जानेवारी १७६५ मध्ये मेजर गॉर्डन व कॅप्टन जॉन वॉटसन यांच्या नेतृत्वाखालील कंपनीच्या सैन्याने सिंधुदुर्ग कोल्हापूरकरांकडून जिंकून घेतला, पुढील वर्षी कोल्हापूरकरांनी ३ लाख ८२ हजार ८९६ रुपये कबूल करून तो सोडवून घेतला.’ वाक्य लांबले, पण त्यात आता माणसे आहेत, किंमत आहे, आणि दोन्ही बाजू आहेत. आजीला वाचून दाखवले. ती म्हणाली, ‘आता बरा झाला.’ धागा इथेच संपवते. काही चुकले असेल तर पुराव्यासह अवश्य सांगा.